१० बाय ११ च्या खोलीतले साडेतीन इंची स्पीकर आणि आठ इंची सब

आधी खोली सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पुण्यातला फ्लॅट, १० बाय ११ ची बेडरूम, खाली टाइल्स, तीन भिंती कोऱ्या आणि चौथीला पुस्तकांचं कपाट, खिडकीखाली ४ बाय २ चं सनमायका लावलेलं टेबल, त्यावर मॉनिटर आणि लॅपटॉप. ऑफिसचं काम दिवसभर इथेच, आणि काम चालू तेव्हा गाणं चालू, बहुतेक शास्त्रीय, मधून मधून जॅझ, आणि संध्याकाळी बाबा येऊन बसले की भजनं. बाबा गेली ३५ वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवतायत, त्यामुळे घरात कुठलाही स्पीकर आला की पास नापास तेच ठरवतात.

माझ्याकडे आधी दहाएक वर्षं एक २.१ चा सेट होता, दोन चिमुकले सॅटेलाइट आणि टेबलाखाली एक डबा (सबवूफर किंवा नुसता सब, जो फक्त खालचे, जाड स्वर वाजवतो), खोक्यावर पीएमपीओचे हजारो वॅट छापलेले. (पीएमपीओ हा आकडा बघूच नका, त्याला मोजायचं ठरलेलं मापच नाही, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, दिलेला असेल तोच बघा.) त्या सेटचं दुखणं मला खूप उशिरा कळलं. सॅटेलाइटमधले कोन (हलून आवाज काढणारे पडदे) इतके छोटे की ते १५०-२०० हर्ट्झच्या खाली (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा जितका लहान तितका स्वर खालचा) जवळजवळ काही वाजवतच नाहीत, मग ते सगळं खालच्या डब्याला वाजवावं लागतं, आणि बातम्या वाचणाऱ्या पुरुषाचा अर्धा आवाज समोरून आणि अर्धा माझ्या पायांपासून येतो. खर्जातला आलाप ऐकताना तर गवई टेबलाखाली बसलाय असं वाटायचं. बाबा एकदा नीट ऐकून म्हणाले, "अरे, डाव्या पुडीला कणीक जास्त झालीय." पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, ती जास्त झाली की आवाज जड होतो आणि प्रत्येक घाव सारखाच वाजतो. बिघाड नेमका तोच होता, कुठलाही ठेका लावा, खालून एकच सूर भुंकायचा.

म्हणून या वेळी ठरवलं की आधी स्पीकर चांगले घ्यायचे, निदान १०० हर्ट्झपर्यंत स्वतःच्या पायावर उभे राहणारे, आणि सब नंतर, लागलाच तर.

छोट्या जागेत जवळ बसून ऐकायचा छोटा पण खरा स्पीकर ही काही नवी कल्पना नाही, बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या ओबी व्हॅनमध्ये (बाहेरच्या कार्यक्रमांच्या प्रक्षेपणाच्या गाडीत) मावेल असा एलएस३/५ए बनवून घेतला होता, पाच इंची वूफर (खालचे आणि मधले स्वर वाजवणारा मोठा कोन) आणि जेमतेम फूटभर उंचीचं खोकं, आणि त्याच्यावर लोक आजही जीव टाकतात. पण टेबलावर मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना माझ्याकडे धड सात सात इंच जागा होती. पॅसिव्ह स्पीकर, म्हणजे व्हार्फडेल डायमंड १२.० किंवा क्यू अकूस्टिक्स ३०१०आय, दोन्ही मनात भरले होते, पण मग वेगळा अॅम्प्लिफायर, त्याचा अॅडॉप्टर, स्पीकरच्या वायरी, हे सगळं त्याच टेबलावर मांडायचं म्हणजे लिहायला वहीसुद्धा उघडता येणार नाही. म्हणून अॅक्टिव्ह, ज्यात अॅम्प्लिफायर आतच असतो.

दुकानात ऐकायचं ठरवलं तर एक गोष्ट जरूर करा, आपली गाणी आपल्याबरोबर न्या. मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत दोन शनिवार घालवले, तिथे माणसं मदत करतात, वायरी पटापट बदलून देतात, पण डेमोला जे लावतात त्यात धाडधाड बास असतो आणि आवाज एवढा मोठा की सगळेच स्पीकर पाच मिनिटं भारी वाटतात. मी फोनमध्ये चारच गोष्टी नेल्या होत्या. पुरुष तंबोऱ्याची पाच मिनिटं, एक विलंबित एकताल ज्यात डग्गा स्पष्ट आहे, उभ्या बासचं एक जॅझ रेकॉर्डिंग आणि एका माणसाचं साधं बोलणं. बोलणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्या कानाला न शिकवता माहीत असतं, डब्यात बोलल्यासारखा किंवा नाकात आला की लगेच पकडता येतो. आणि आवाज घरी ठेवतो तेवढाच ठेवायला सांगायचं, लाजायचं नाही.

शेवटी घेतले ते प्रीसोनसचे एरिस ई३.५. साडेतीन इंची वूफर, एक इंची सिल्क डोम ट्वीटर (वरचे बारीक स्वर वाजवणारा), दोन्ही मिळून ५० वॅट, उंची साधारण सव्वाआठ इंच. ५० वॅट ऐकून कमी वाटेल, पण मी अडीच फुटांवर बसतो, तिथे रोजच्या ऐकण्याला एक दोन वॅटसुद्धा पुरतात. एका स्पीकरमध्ये अॅम्प्लिफायर आणि दुसऱ्याला साधी वायर जाते. पुढे व्हॉल्यूमचं बटण आणि हेडफोनची पिन, मागे आरसीए आणि पाव इंची टीआरएस या दोन्ही प्रकारच्या वायरी लावायची सोय, आणि मागेच हाय आणि लो असे दोन छोटे नॉब आहेत. ते दोन नॉब माझ्या लेखी फार मोलाचे ठरले. स्पीकरचं पोर्ट (खोक्यातली हवा बाहेर सोडणारं भोक) मागे आहे आणि माझं टेबल भिंतीला चिकटलेलं, भिंत जवळ आली की खालचा आवाज फुगतो, तो लो नॉबने थोडा उतरवला की गाणं मोकळं होतं. मी तो मध्यापासून थोडासा डावीकडे ठेवलाय.

नुसते टेबलावर ठेवले तेव्हा पहिले दोन दिवस मी नाराज होतो. आवाज साफ होता पण खाली खाली येत होता आणि सतारीचा टणत्कार सनमायकावर आपटून दोनदा ऐकू आल्यासारखा वाटायचा. कारण साधं होतं, ट्वीटर माझ्या छातीच्या पातळीला होते, आणि समोरचं गुळगुळीत टेबल आरशासारखं आवाज परतवत होतं. आधी प्रत्येकाखाली दोन जाड शब्दकोश ठेवून बघितलं, ट्वीटर कानाच्या पातळीला आले आणि फरक एवढा पडला की बायको शेजारच्या खोलीतून काय बदललंस म्हणून विचारायला आली. मग सुताराकडून प्लायवूडच्या उरलेल्या तुकड्यांचे दोन ठोकळे करून घेतले, वर थोडा उतार, खाली जाड फोम, आणि स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत ओढले म्हणजे समोर सनमायका कमी उरला. दोन स्पीकर आणि माझं डोकं यांच्यात सारख्या बाजूंचा त्रिकोण, स्पीकरची तोंडं माझ्याकडे वळवलेली. नवीन सेट आणून जे मॉनिटरच्या मागे अर्धे लपवून ठेवतात त्यांना मी हात जोडून सांगतो, आधी हे करा, याला पैसे लागत नाहीत.

चार महिने मी सबशिवाय ऐकलं आणि स्त्रियांचं गाणं, सतार, बासरी, नाट्यगीतं, याला मला काही कमी वाटली नाही. कमी वाटली ती दोन ठिकाणी. एरिसचा खालचा आकडा ८० हर्ट्झ आहे. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुष तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला असतो, म्हणजे स्पीकरच्या वेशीबाहेर. तरी तो ऐकू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून (मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या स्वरांवरून) कान खालचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो, तंबोऱ्यात तर जवारीमुळे (तार घोडीवर घासून येणाऱ्या झणकारामुळे) वरचे स्वरांश भरपूर. पण ऐकू येणं आणि खोलीत तंबोरा असणं यात फरक आहे. आणि दुसरा डग्गा. तबल्याची चाटी म्हणजे किनार, शाईवरचा तो स्वर लागल्यासारखा नाद, हे छोट्या स्पीकरवर सुंदर येतं (शाईमुळे तबल्याचे स्वरांश एकमेकांशी सुरात येतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच दाखवून दिलं होतं), पण डग्ग्यावर मनगट सरकवून घेतलेली मींड, तो घुमारा खाली जाताना, अर्ध्यावर हवेत विरून जायचा. बाबा म्हणाले, "तबला आहे रे, डग्गा फोनवरून वाजतोय."

छोट्या कोनचा यात दोष नाही, गणितच असं आहे. एक सप्तक खाली तेवढाच आवाज काढायचा तर कोनला चौपट अंतर मागेपुढे हलावं लागतं. साडेतीन इंची कोन ४० हर्ट्झला तेवढा हलूच शकत नाही, आणि हलायला गेला की त्याच वेळी तो जे मधले स्वर वाजवतोय तेही त्याच्याबरोबर डळमळतात. आठ इंची कोनचं क्षेत्रफळ साडेतीन इंचीच्या पाचपट असतं, म्हणून हे काम त्याला द्यायचं.

सब घेतला तो त्याच कंपनीचा एरिस सब८, आठ इंची. स्पीकरच्या जोडीपेक्षा महाग पडला, जवळजवळ दुप्पट, आणि घेताना मी बराच अडखळलो, कारण स्वस्तातले पाच साडेपाच हजारांचे सब दिसतात. मग का घेतला तर एका स्विचसाठी. याच्यात लो-पास (ठरवलेल्या आकड्याच्या खालचंच सबमध्ये वाजू देणारा फिल्टर) ५० ते १३० हर्ट्झ फिरवता येतो, तो बहुतेक सबमध्ये असतोच, पण याला ८० हर्ट्झचा हाय-पासही आहे. म्हणजे लॅपटॉपचं सिग्नल आधी सबमध्ये जातं, तिथे ८० च्या खालचं सब स्वतःकडे ठेवतो आणि वरचं तेवढं स्पीकरकडे पाठवतो. बऱ्याच ठिकाणी सब नुसता शेजारी जोडतात, छोटे स्पीकर पूर्वीसारखेच खालचं वाजवायची धडपड करत राहतात, वर सबही तेच वाजवतो, आणि खालचा आवाज दुप्पट जाड होतो. हाय-पास लावल्यावर मला पहिला फरक बासमध्ये जाणवलाच नाही, गवयाच्या गळ्यात जाणवला. साडेतीन इंची वूफरच्या डोक्यावरचं ओझं गेलं आणि मधला आवाज निवळला. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी चार महिने थांबलो नसतो.

आता जोडणीतली एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. स्पीकर सबमधून पुढे जोडले की स्पीकरच्या तोंडावरचं व्हॉल्यूमचं बटण फक्त स्पीकरला लागू होतं, सबला नाही. रात्री त्या बटणाने आवाज कमी केला तर स्पीकर हळू आणि सब तेवढाच मोठा, सगळं गाणं चिखलात. म्हणून ते बटण एकदाच जागेवर लावायचं, मी त्याच्यावर टेपचा तुकडा चिकटवलाय, आणि आवाज सबच्या आधीच, म्हणजे गाणं जिथून येतं तिथे, कमी जास्त करायचा. माझ्याकडे ऑनलाइन शिकवणीसाठी घेतलेला फोकसराइट स्कार्लेट सोलो (लॅपटॉपला जोडायचा ऑडिओ इंटरफेस) होता, तिसऱ्या जनरेशनचा, त्याचा मोठा नॉब आता सगळ्याचा व्हॉल्यूम आहे.

सोलो मध्ये घालायचं दुसरं कारण भुणभुण. आधी लॅपटॉपच्या हेडफोन पिनमधून आरसीए वायरने सबला गेलो होतो, चार्जर लावला की भुंग्यासारखा आवाज, चार्जर काढला की शांत. हे अर्थिंगचं चक्र असतं, लॅपटॉपचा चार्जर आणि सब दोन वेगळ्या सॉकेटवरून आणि मध्ये ऑडिओ वायरची जाळी, तिच्यातूनच ती कुरबुर वाहते. सगळं एका एक्स्टेन्शन बोर्डवर घेतलं तर निम्मं कमी झालं, सोलोपासून सब आणि सबपासून स्पीकर अशी चारही वायरी बॅलन्स्ड टीआरएस (वाटेत शिरणारी कुरबुर खोडून काढणाऱ्या) केल्या तेव्हा उरलेलं गेलं. एक कळकळीची विनंती, कोणी कितीही सांगितलं तरी तीन पिनच्या प्लगची वरची जाड, अर्थिंगची पिन काढू नका, भुणभुण जाते खरी पण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

सब कुठे ठेवायचा यात माझे दोन रविवार गेले आणि ते सत्कारणी लागले. टेबलाखालचा कोपरा मोकळा होता म्हणून आधी तिथेच ठेवला, आणि जुना सेट परत आल्यासारखं झालं, एकच सूर भुंकायला लागला. ११ फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ५१ हर्ट्झची लाट नेमकी बसते आणि १० फुटांमध्ये ५६ ची, दोन्ही जवळ जवळ, म्हणून माझ्या खोलीत त्या पट्ट्यात सगळं फुगतं, आणि सब कोपऱ्यात ठेवला की ते फुगणं सगळ्यात जास्त होतं. चौरसाच्या जवळ जाणाऱ्या खोल्यांचं हे हमखास होतं, आणि आपल्याकडच्या बेडरूम बहुतेक तशाच. उपाय जुनाच आहे, सब उचलून मी माझ्या खुर्चीवर ठेवला, बासचं ते जॅझ रेकॉर्डिंग लावलं, आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत कान जमिनीजवळ नेऊन ऐकत गेलो, जिथे बासचा प्रत्येक स्वर सारखा ऐकू आला तिथे खडूने खूण केली. ती जागा निघाली टेबलाच्या उजवीकडे दीड फुटावर, पुस्तकांच्या कपाटाला लागून. मग सब तिथे आणि मी खुर्चीवर.

लो-पास ८० च्या आसपास ठेवला. १०० च्या वर नेला की सब कुठे ठेवलाय हे कानाला कळायला लागतं, पुन्हा गवई जमिनीवर. पोलॅरिटीच्या (सबचा कोन स्पीकरबरोबर हलावा की उलटा, हे ठरवणाऱ्या) स्विचसाठी ८० हर्ट्झचा एकच सूर लावून स्विच दोन्हीकडे करून बघितला, ज्या बाजूला आवाज भरून आला ती बाजू बरोबर, कारण तिथे सब आणि स्पीकर एकमेकांना ओढत नाहीत. आणि लेव्हल ठरवली बातम्यांवर. पुरुष निवेदकाचा आवाज लावायचा आणि सब चालू बंद करायचा, त्याचं बोलणं बदललं तर सब जास्त आहे. मी तीन वेळा खाली आणला.

खालच्या मजल्यावर एक काका काकू राहतात, काका सकाळी लवकर उठतात. सब आला त्या आठवड्यात मी स्वतः खाली जाऊन त्यांच्या बेडरूममध्ये उभा राहिलो आणि वर भजन लावायला सांगितलं. आवाज असा नाही, पण स्लॅबमधून धडधड येत होती. सबखाली व्यायामाची जाड रबरी मॅट दुमडून टाकली आणि त्यावर फरशीचा एक तुकडा ठेवला, धडधड बरीच कमी झाली, आणि साडेनऊनंतर सब बंद हा नियम आम्ही घरात केला. तुमच्या वर खाली माणसं असतील तर हे आधीच करा, तक्रार आल्यावर नको.

साडेनऊनंतर सब बंद असला तरी हळू आवाजातच सबचा खरा फायदा आहे, हे मला उलटं वाटायचं. आवाज कमी केला की कान खालचे स्वर सगळ्यात आधी सोडून देतो, फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून ठेवलंय. पूर्वी मी काम करताना आवाज वाढवत जायचो कारण हळू ठेवला की गाणं पातळ व्हायचं. आता पहिल्यापेक्षा कितीतरी हळू ठेवतो आणि तंबोरा खोलीभर असतो, संध्याकाळी डोकं दुखत नाही. मला विचाराल तर पैसे यासाठी दिले.

सगळ्यांनी सब घ्यावा असं मी म्हणणार नाही. टेबलावर बसून मुख्यतः मीटिंग, मुलाखती, सुगम संगीत ऐकत असाल तर नुसती चांगली जोडी घ्या आणि उरलेले पैसे ठेवा. जागा अगदीच नसेल आणि बजेट मोठं असेल तर आयके मल्टिमीडियाचे आयलाउड मायक्रो मॉनिटर बघा, तीन इंची वूफर असून ५५ हर्ट्झपर्यंत जातात, मागे टेबलावर ठेवल्यासाठीचा वेगळा स्विचसुद्धा आहे, आणि सबशिवाय चालेल अशी छोटी जोडी मी ऐकली ती हीच. जेबीएल १०४ मध्ये ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवलाय, त्यामुळे अगदी जवळ बसूनही आवाज एका ठिकाणाहून येतो, टेबल फार छोटं असेल त्यांनी तो ऐकावा. ब्लूटूथ आणि टीव्हीसाठी ऑप्टिकल लागत असेल तर एडिफायरचा आर१२८०डीबीएस, त्याला सबसाठी वेगळी पिनही आहे.

पुरुषांचं गाणं, तबला, पखवाज, उभा बास, पियानो ऐकत असाल तर मात्र सबसाठी थांबा, पैसे साठवा, आणि हाय-पास असलेलाच घ्या.

बाबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, मांडीवर बोटं चालू होती. ठेका संपल्यावर विचारलं, "नवा स्पीकर कुठला?" मी कपाटाजवळ बोट दाखवलं तर उठून गेले आणि सबच्या जाळीवर हात ठेवून उभे राहिले, तेव्हा त्यांना पटलं की डग्गा तिथून येतोय, समोरच्या दोन डब्यांतून नाही.

फक्त ते बसतात पलंगावर, मागच्या भिंतीला टेकून, आणि भिंतीजवळ खालचा आवाज नेहमीच जाड येतो, माझ्या खुर्चीवर जे बरोबर आहे ते तिथे पुन्हा जरा कणीक जास्त झालेलं. मागच्या भिंतीला जुनी जाड गोधडी टांगून बघितली, तिने वरचा कर्कशपणा गेला पण खालच्याला काही झालं नाही, एवढ्या लांब लाटेला गोधडी पुरत नाही. आता येत्या रविवारी पलंग दोन फूट पुढे ओढतोय, बाबा म्हणालेत मी धरतो दुसरीकडून.